सरकार जेव्हां गिऱ्हाईक होतें

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेनें निघून कात्रजचा घाट उतरलें कीं शिंदेवाडी लागते, आणि तेथूनच भोर तालुक्याला आरंभ होतो. पुढें ससेवाडी, वेळू, नसरापूर अशीं गांवें येतात. नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावर उजवीकडे वळलें तर वाट वेल्ह्याला, म्हणजे तोरणा व राजगड यांच्या पायथ्याकडे जाते. कापूरहोळावर वळलें तर ती नीरेच्या कांठच्या भोर शहरांत पोंचते. या वाटेनें जातांना प्रवाशाचें लक्ष बहुधा डोंगरांकडे असतें. परंतु रस्त्याच्या दोहों बाजूंस पत्र्याच्या ज्या लहानमोठ्या शेडी उभ्या आहेत, त्यांच्याकडेहि एकदां पाहावें. कोठें दोन लेथ फिरत असतात, कोठें वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात, कोठें चारदोन बायका मशिनीवर पिशव्या शिवीत बसलेल्या असतात. आंत जाऊन मालकाला विचारावें, "आपण काय करतां?" उत्तर पुष्कळ ठिकाणीं एकच मिळतें, "अमक्या कंपनीचें जॉबवर्क करतों." म्हणजे माल दुसऱ्याचा, नकाशा दुसऱ्याचा, भावहि दुसऱ्यानेंच ठरविलेला, आपली फक्त मजुरी. ती कंपनी बसली कीं शेडहि बसते, आणि शेडींतील दोघेचौघे तरुण पुण्याची वाट धरतात.

अशा लहान कारखानदाराला दुसरें गिऱ्हाईक नाहींच काय? आहे. देशांतील सर्वांत मोठें गिऱ्हाईक त्याच्या दारापासून दोन घटकांच्या वाटेवर बसलें आहे. त्या गिऱ्हाइकाचें नांव सरकार. त्याच्याशीं व्यवहार कसा करावा, त्यासाठीं कायद्यानें व संस्थांनीं कोणतीं साधनें पुरविलीं आहेत, आणि एवढीं साधनें असूनहि आमचा माणूस नेमका कोठें अडखळतो, याविषयीं आज चार गोष्टी आपणांस सांगाव्या असा माझा विचार आहे.

लष्कराची खरेदी म्हटली कीं आपल्या डोळ्यांसमोर तोफा व रणगाडे उभे राहतात, आणि "हें आपलें काम नव्हे" असें म्हणून आपण मोकळे होतों. पुण्याच्या आसपास तीं मोठीं कामेंहि होतात, हें खरें. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा आहे. पाषाण येथील शस्त्रास्त्रांच्या संशोधनाची संस्था १९५८ सालची आहे. सरकारी शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यांचें जुनें मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजीं मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यांत आल्या. त्यांपैकीं म्युनिशन्स इंडिया या कंपनीचें मुख्य ठिकाण पुणेंच आहे. पाषाणच्या संस्थेनें ज्या लांब पल्ल्याच्या तोफेची आंखणी केली, तशा ३०७ तोफांचें कंत्राट मार्च २०२५ मध्यें दोन मोठ्या भारतीय कंपन्यांना मिळालें. पण तोफेला लागणारा प्रत्येक बोल्ट, प्रत्येक पिन, प्रत्येक ब्रॅकेट एकच कारखाना घडवीत नसतो. मोठ्या कंपनीच्या मागें मधली कंपनी असते, मधलीच्या मागें लहान कंपनी असते, आणि या सांखळीची शेवटची कडी आपल्या वेळू-ससेवाडीच्या शेडीसारख्या शेडींत घडूं शकते.

शिवाय लष्कराला लागते ती प्रत्येक वस्तु पोलादाचीच असते असें नाहीं. पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, हें पुण्यांतील कोणतें जुनें घर विसरलें असेल? आदल्या रात्रीं भरपावसांत आमच्या जवानांनीं त्या खचत्या भिंतीवर जीं रचलीं तीं वाळूचीं पोतीं होतीं. त्या पोत्यांमुळें धरण फुटणें कांहीं तास लांबलें, आणि धरण फुटलें तें रात्रीं न फुटतां उजाडल्यावर फुटलें. पोतें, दोरी, ताडपत्री, बाज, कपाट, रंग, पाण्याची टांकी, जेवणाचें ताट, मुलांच्या शाळेचा बांक हें सारें सरकार विकत घेतें. छावणी असो, रुग्णालय असो, रेल्वे असो कीं तहसील कचेरी असो, या वस्तूंवांचून तिचा दिवस जात नाहीं.

सरकारनें प्रजेकडून माल कसा घ्यावा हा विचार या डोंगरांना नवा नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड कसें मिळवावें याचा विचार आला आहे. रयतेनें लेंकराप्रमाणें वाढविलेल्या आंब्याफणसाच्या झाडांना हात लावूं नये; एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें; बळजबरी सर्वथा करूं नये, असा त्याचा आशय आहे. राज्याची गरज कितीहि मोठी असली, तरी देणाऱ्याला पुरतें मोल आणि मान मिळाला पाहिजे, हेंच त्यांतील तत्त्व. आजचे खरेदीचे कायदे वाचतांना मला नेहमीं वाटतें कीं, हे लांबलचक नियम याच एका तत्त्वाचा विस्तार आहेत.

आतां त्या नियमांकडे वळूं. पहिली पायरी नोंदणीची. जुलै २०२० पासून लहान उद्योगांची नोंदणी 'उद्यम' या नांवाखालीं होते. ती आधार क्रमांकावर, घरबसल्या आणि मोफत होते. मोफत हा शब्द मी मुद्दाम उच्चारतों. कारण या नोंदणीसाठीं हजारदोनहजार रुपये मागणारे मध्यस्थ गांवोगांव फिरत असतात. एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणें यंत्रसामग्रींत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक व वर्षाला दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म समजला जातो. पंचवीस कोटींपर्यंत गुंतवणूक व शंभर कोटींपर्यंत उलाढाल असलेला लघु. तेव्हां आपल्या शेडी बहुतेक सूक्ष्म वर्गांतच पडतात.

दुसरी पायरी बाजाराची. पूर्वीं केंद्र सरकारची पुष्कळशी खरेदी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय या खात्यामार्फत होई. कोणता माल कोणाला हवा आहे हें कळण्यासाठीं दिल्लीचे हेलपाटे घालावे लागत. तें खातें २०१७ सालीं बंद झालें. त्याच्या जागीं ऑगस्ट २०१६ मध्यें सुरू झालेली 'जेम' नांवाची सरकारी बाजारपेठ आली. २०१७ च्या वित्तीय नियमांनीं केंद्राच्या कचेऱ्यांना, जो माल तेथें मिळतो तो तेथूनच घेणें बंधनकारक केलें. तेथें आपण आपला माल मांडावयाचा. लहान खरेदी कचेरी थेट करते, त्याहून मोठी खरेदी भावांची तुलना करून होते, आणि त्याहूनहि मोठी असेल तर बोली मागविल्या जातात. भोरमध्यें बसलेल्या माणसाला लेहच्या छावणीची मागणी त्याच दिवशीं दिसते. एवढी सोय आमच्या वडिलांच्या पिढीला स्वप्नांतहि नव्हती.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, आणि तीच लोकांना ठाऊक नसते. केंद्र सरकारनें २०१२ सालीं लहान उद्योगांकडून खरेदी करण्याविषयीं एक धोरण ठरविलें. त्या वेळीं केंद्राच्या प्रत्येक खात्यानें व कंपनीनें वर्षाच्या खरेदीपैकीं शेंकडा वीस सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावी असें होतें. २०१९ च्या एप्रिलपासून तें प्रमाण शेंकडा पंचवीस झालें. त्यांतहि शेंकडा चार अनुसूचित जातिजमातींच्या उद्योजकांकडून व शेंकडा तीन स्त्रियांच्या उद्योगांकडून घ्यावयाचें असतें. एकंदर ३५८ वस्तु तर अशा आहेत कीं, त्या केवळ या लहान उद्योगांकडूनच घ्याव्या असा नियम आहे. लहान उद्योगाला टेंडरचे कागद मोफत मिळतात आणि बयाण्याची रक्कम भरावी लागत नाहीं. वस्तूच्या गुणांत उणें नसेल, तर मागील अनुभवाची व उलाढालीची अटहि सैल करतां येते.

आणि भावाचें काय? मोठ्या कारखान्याशीं भावांत टक्कर देणें लहानाला कसें परवडावें? याचीहि तरतूद त्याच धोरणांत आहे. समजा, एक हजार लोखंडी मांडण्यांची मागणी आहे. एका मोठ्या कारखान्यानें नगास सर्वांत कमी, म्हणजे एक हजार रुपये भाव दिला. आपल्या नसरापूरच्या कारखानदारानें अकराशें चाळीस दिला. सर्वांत कमी भावाहून त्याचा भाव शेंकडा पंधराच्या आंत असल्यामुळें, तो एक हजारावर उतरण्यास तयार असेल, तर माल विभागण्याजोगा असतां निदान चतुर्थांश, म्हणजे अडीचशें मांडण्या त्याला मिळाव्या असा हा नियम आहे. मोठ्यानें लहानाला गिळूं नये म्हणून घातलेला हा बांध आहे. मात्र हे लाभ स्वतः माल घडविणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहेत. दुसऱ्याचा माल घेऊन नुसता विकणाऱ्याला ते नाहींत.

या वाटेवर हात धरणाऱ्या संस्थाहि कमी नाहींत. राष्ट्रीय लघुउद्योग निगम १९५५ पासून काम करीत आहे. तो कारखाना तपासून एक नोंदणीपत्र देतो, आणि तें केंद्राच्या टेंडरांना उपयोगीं पडतें. महाराष्ट्राचें लघुउद्योग विकास महामंडळ १९६२ सालचें. जिल्हा उद्योग केंद्रें १९७८ पासून आहेत. पुण्यांतील मराठा चेंबर ही संस्था १९३४ सालीं आ. रा. भट यांच्या पुढाकारानें निघाली. तारणाशिवाय कर्ज मिळावें म्हणून २००० सालापासून पतहमीची योजना आहे. संरक्षणाच्या क्षेत्रांत जावयाचें असेल तर २०२० सालीं सुरू झालेली 'सृजन' नांवाची यादी पाहावी. पूर्वीं परदेशांतून आणावे लागत असे भाग, जे आतां येथेंच घडवून हवे आहेत, ते तींत नोंदलेले असतात. अगदीं नवी कल्पना असेल तर २०१८ सालच्या 'आयडेक्स' या योजनेंतून नमुना तयार करण्यासाठीं दीड कोटींपर्यंत अनुदानहि मिळूं शकतें.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, मग अडलें कोठें? याचें उत्तर एका ओळखीच्या घरची हकीकत सांगूनच मला देतां येईल. नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. भोरच्या वाटेवर त्यांची शेड. दोन लेथ, एक वेल्डिंगचें यंत्र, तीन कामगार. गृहस्थ हातचे इतके निष्णात कीं त्यांनीं कांतलेल्या पिनेला गेज लावण्याची गरज पडूं नये. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. सरकारी कामाची एक मोठी मागणी एका मध्यम कंपनीला मिळाली होती. तिच्याकडून यांना ब्रॅकेटांचें काम आलें. माल वेळेवर गेला, तपासणींत एकहि नग परत आला नाहीं. पैसे मात्र आले नाहींत. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. पोलाद घेतलें होतें उधारीनें. कामगारांचा पगार थांबवितां येईना. तेव्हां आईच्या पाटल्या बँकेंत गहाण पडल्या. कंपनीचा दुसरा ऑर्डरहि दाराशीं आला होता आणि तोहि त्यांनीं घेतला. कारण न घ्यावा, तर पहिले पैसे बुडतील ही भीति.

एके रात्रीं मुलीनें विचारलें, "आप्पा, तुम्ही त्यांना पत्र कां लिहीत नाहीं?"

आप्पा म्हणाले, "पत्र कसलें लिहूं, पोरी? आज पैशाचं बोललों तर उद्यां काम बंद करतील. मोठ्या माणसाशीं वैर आपल्याला परवडायचं नाहीं."

श्रोतेहो, आमचा माणूस अडखळतो तो येथें. त्याला ऑर्डर मिळत नाहीं ही अर्धीच गोष्ट आहे. माल दिल्यापासून पैसे हातीं येईपर्यंतचा जो काळ, तोच त्याला बुडवितो. आणि त्या काळांत कायदा आपल्या बाजूला उभा आहे हें त्याला ठाऊक नसतें, किंवा ठाऊक असूनहि त्याचें नांव काढण्याचें धैर्य होत नाहीं.

तो कायदा २००६ सालचा आहे. त्यांत असें म्हटलें आहे कीं, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेणाऱ्यानें, लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत, आणि करार असला तरी जास्तींत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले पाहिजेत. करारांत नव्वद दिवस लिहिले असले तरी ते चालत नाहींत. मुदत टळली कीं रिझर्व बँकेच्या दराच्या तिप्पट दरानें, महिन्यामहिन्याला चक्रवाढ होणारें व्याज द्यावें लागतें. तरीहि दाद लागली नाहीं तर राज्याच्या सुकरता परिषदेकडे अर्ज करतां येतो. ऑक्टोबर २०१७ मध्यें 'समाधान' ही व्यवस्था सुरू झाल्यापासून तो घरबसल्याहि करतां येतो. परिषद आधीं समेट घडविण्याचा प्रयत्न करते, न जमल्यास लवादाचा मार्ग असतो. निकालाविरुद्ध न्यायालयांत जावयाचें तर खरेदीदाराला आधीं पाऊणपट रक्कम भरावी लागते. हे नियम सरकारी कचेरीला लागू आहेत, सरकारी कंपनीला आहेत, आणि खाजगी कंपनीलाहि आहेत. शिवाय एप्रिल २०२४ पासून आयकराच्या नियमांतहि बदल झाला आहे. लहान उद्योगाचें देणें मुदतींत न देणाऱ्या कंपनीला, तें देणें प्रत्यक्ष चुकें करीपर्यंत, खर्च म्हणून वजा करतां येत नाहीं.

मुलीनें हा कायदा वाचला. मग तिनें वडिलांची कागदपत्रें उलगडलीं, आणि पहिल्याच कागदाशीं थांबली. पहिला माल गेला त्या वेळीं 'उद्यम'ची नोंदणीच झालेली नव्हती. ती दुसऱ्या ऑर्डरच्या आधीं केलेली होती. नोंदणीपूर्वीं दिलेल्या मालाला या कायद्याचा लाभ मागतां येत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ सालचा निर्णय आहे. पुढें २०२५ मध्यें नोंदणीचा हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपविण्यांत आला. परंतु ज्याच्या घरच्या पाटल्या गहाण पडल्या आहेत, त्यानें खंडपीठाच्या निकालाची वाट कोठवर पाहावी? जी नोंदणी मोफत आणि अर्ध्या तासांत झाली असती, ती वेळेवर न केल्यामुळें पहिल्या बिलावरचें व्याज मागण्याचा विचार त्यांना सोडावा लागला.

दुसऱ्या बिलाचें मात्र तसें नव्हतें. मुलीनें एक साधें पत्र लिहिलें. त्यांत राग नव्हता, धमकी नव्हती. माल अमक्या तारखेला पोंचला, स्वीकृतीची सही असलेलें चलन सोबत जोडलें आहे, कायद्याची मुदत अमक्या दिवशीं संपली, तरी पैसे पाठविण्याची कृपा करावी, एवढेंच. खालीं नोंदणी क्रमांक. आप्पांनीं तें पत्र दोन दिवस खिशांत ठेवलें होतें. तिसऱ्या दिवशीं पाठविलें. तीन आठवड्यांत दुसऱ्या बिलाचे पैसे आले, आणि पाठोपाठ पहिल्याचेहि, व्याजावांचून, आले. आणि काम बंद झालें काय? तें झालें नाहीं. त्या कंपनीच्या हिशेबनिसाच्या टेबलावर असलीं बिलें पुष्कळ असतील. जें पत्र कायद्याचा आधार घेऊन आलें, तेंच आधीं निघालें. पाटल्या घरीं आल्या. त्या सोडवून आणण्यास आप्पा स्वतः बँकेंत गेले होते.

या हकीकतींतून मला निघतात ते धडे थोडक्यांत सांगतों. नोंदणी आधीं, माल मागून. माल देतांना चलनावर सही, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय गाडी परत आणूं नये. 'जेम'वर माल पोंचल्यापासून दहा दिवसांत स्वीकृतीचा दाखला व त्यानंतर दहा दिवसांत पैसे असा क्रम ठरलेला आहे, त्यावर डोळा ठेवावा. बिलाची मुदत आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टिपावी, आणि ती टळली कीं दुसऱ्याच दिवशीं नम्रपणें लिहावें. पैसे येईपर्यंत वाट पाहणें शक्य नसेल तर रिझर्व बँकेच्या परवानगीनें २०१७ पासून चालणाऱ्या बिलवटणावळीच्या पेढ्या आहेत. खरेदीदारानें बिल मान्य केलें कीं तेथें बँका तें विकत घेतात आणि पैसा लौकर हातीं येतो. केंद्र सरकारच्या कंपन्यांना आणि अडीचशें कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथें नांव नोंदविणें आतां सक्तीचें आहे.

दुसऱ्या बाजूची एक गोष्टहि सांगितली पाहिजे, नाहीं तर माझें बोलणें एकांगी होईल. कायदा पैसे मिळवून देईल. वाईट मालाला चांगला म्हणविणार नाहीं. सरकारी, विशेषतः लष्करी खरेदींत नकाशांतील माप हें शेवटचें माप असतें. शतांश मिलिमीटरची चूकहि तेथें चूकच असते. पोलाद कोणत्या प्रतीचें याचा चांचणीचा दाखला लागतो, तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यापुढें गेज व नोंदवही ठेवावी लागते. "चालतंय कीं" हा आमचा आवडता शब्द तेथें चालत नाहीं; आणि तो चालूं नये, कारण त्या पिनेच्या भरंवशावर हिमालयांत कोणाचा तरी मुलगा उभा असतो. तसेंच ऑर्डर मिळावी म्हणून भाव पाडूं नये. पोलाद, वीज, मजुरी, गाडीभाडें, कर आणि दोन महिन्यांचें व्याज मांडल्याशिवाय भाव लिहिणें म्हणजे स्वतःच्या हातानें खड्डा खणणें होय. तोट्याचें कंत्राट मिळण्यापेक्षां न मिळालेलें बरें. आणि माल मुदतींत गेला नाहीं तर दंड बसतो, हेंहि टेंडरच्या कागदांतच लिहिलेलें असतें. पण तें पान आपण बहुधा वाचीत नाहीं.

आतां शेवटची गोष्ट मला आपल्यासारख्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना सांगावयाची आहे. भोर-वेल्ह्याचें असें घर विरळा, कीं ज्याचा एक भाऊ पुण्यामुंबईंत नोकरीला आणि दुसरा गांवीं नाहीं. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरें येथील किती घरें अशीं दोन ठिकाणीं वांटलीं गेलीं आहेत! शहरांतला भाऊ गणपतीला गांवीं जातो, शेडींत डोकावतो, "धंदा कसा काय?" असें विचारतो आणि परततो. पुढच्या खेपेला त्यानें एक दुपार तेथें बसावें. भावाची नोंदणी झाली आहे काय, ती कोणत्या तारखेची आहे, 'जेम'वर माल मांडला आहे काय, कोणतें बिल किती दिवसांचें थकलें आहे, हें पाहावें. इंग्रजींतील टेंडराचीं दहा पानें त्याला मराठींत समजावून द्यावीं. वहिनीच्या किंवा भावजयीच्या नांवें शिवणाचा उद्योग असेल, तर स्त्रियांसाठीं राखलेल्या शेंकडा तीनचा अर्थ तिला सांगावा; 'जेम'वर स्त्रियांच्या उद्योगांसाठीं २०१९ पासून 'वुमनिया' या नांवाचें स्वतंत्र दालनहि आहे. यांत खर्च कांहींच नाहीं. भाऊबीजेच्या ओवाळणीपेक्षां ही भेट अधिक दिवस पुरेल.

पंतसचिवांचें भोर संस्थान १९४८ सालीं मुंबई राज्यांत विलीन झालें. तोंवर भोरच्या कारागिराचें सरकार चार पावलांवर राजवाड्यांत होतें. दाराशीं जाऊन गाऱ्हाणें सांगावें, एवढें तें जवळ होतें. आज सरकार फार मोठें झालें आहे, आणि मोठें झाल्यामुळें तें दूरचें वाटतें. पण त्याच्याकडे जाण्याची वाट कागदांतून गेलेली आहे, आणि कागद वाचतां येणारी मुलगी आज प्रत्येक घरांत आहे. आप्पांच्या घरांत होती, म्हणून पाटल्या परत आल्या.

सरकारकडे माल विकणें ही याचना नाहीं. आपण चोख माल देतों, तें चोख पैसे देतें, आणि ठरल्या दिवशीं देतें. तो दिवस कोणता हें ठाऊक असणें आणि तो टळला कीं विचारणें, एवढें जरी आमच्या लहान कारखानदारानें अंगीं बाणविलें, तरी शिंदेवाडीपासून वेल्ह्यापर्यंतच्या कांहीं शेडींवरील पाटी बदलेल, आणि तेथले दोघेचौघे तरुण आपल्याच गांवीं राहतील, अशी मला आशा आहे.